अडतंय नेमकं कुठे?

शिकताना अडणाऱ्या मुलांबद्दलची या वेळची निम्मी पत्रं शिक्षकांची आहेत, निम्मी पालकांची. दोन्हीकडे एक तक्रार सारखी आहे : "समोरचे लक्ष देत नाहीत." ती बाजूला ठेवून थेट मुलांकडे वळते.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. वर्गात चाळीस मुलं. त्यातला एक जण तोंडी विचारलं की सगळ्यांत आधी हात वर करतो, गोष्ट तर अशी रंगवून सांगतो की वर्ग गप्प होतो. पण वही कोरी. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं की दोन ओळींवर गाडी थांबते. घरचे म्हणतात आळशी आहे. मला तसं वाटत नाही. काय करू?

उत्तर : तुम्हाला वाटतंय ते बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा हुशार, खेळात तरबेज, पण वाचता येईना. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. तुमचं पत्र वाचताना मला त्या शिक्षकांचीच आठवण झाली.

फळ्यावरून उतरवणं आपल्याला एक काम वाटतं. या मुलाच्या शेजारी बसून पाहा, त्यात किती कामं आहेत. मान वर करायची, ओळ शोधायची, अक्षरं डोक्यात धरायची, मान खाली, वहीतली जागा शोधायची, अक्षर कसं काढायचं ते आठवायचं, पुन्हा मान वर. तोवर फळ्यावरची जागा हरवलेली असते. ज्याचं वाचन सरावाचं झालंय तो एका खेपेत अख्खं वाक्य आणतो. याला एकेक अक्षर वाहून आणावं लागतं.

त्यात आपली लिपी. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी काढायची, दुसरी 'त'च्या नंतर. तोंडात मात्र दोन्ही वेळा व्यंजन आधी आणि स्वर नंतर. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी येतो, लिहिताना तो शेवटी 'य'च्या डोक्यावर चढतो. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांच्यात फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा. आपण हे इतक्या लहानपणी गिळून टाकलं की त्यात अवघड काही होतं हे आता आठवतही नाही.

तेव्हा आधी अडतंय कुठे ते शोधा. वेगवेगळ्या दिवशी, दहा-दहा मिनिटं पुरेत. तोच मजकूर कागदावर लिहून त्याच्या बाकावर ठेवा. तो भराभर उतरवला, तर सगळ्यांत आधी डोळे तपासायला सांगा. (हसू नका. चष्म्याचा नंबर निघाला आणि प्रश्न तिथेच मिटला, असं मी पाहिलंय.) दुसऱ्या दिवशी त्याला सलग वाचायला लावा. वाचन स्वच्छ पण हात अडत असेल, तर अडचण लिखाणाची, बोटांची आहे. वाचनच अडत असेल तर अर्थ नसलेले शब्द द्या : 'मिरपू', 'तोकसा', 'गुल्मे'. हुशार मुलं ओळखीचे शब्द चित्रावरून आणि संदर्भावरून बेमालूम ओढून नेतात. 'तोकसा' ओढून नेता येत नाही, तो वाचावाच लागतो. तिथे मूल थबकलं, तर अक्षर आणि ध्वनी यांची जोडी पक्की झालेली नाही हे कळतं. डिस्लेक्सियामध्ये, म्हणजे हुशार मुलाचंही वाचन-लेखन अडतं त्या अडचणीत, बहुधा हीच जागा कच्ची असते.

मग रोज पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट : आज फक्त रफार. शब्द तोंडाने फोडायचा, बोटाने मोठा गिरवायचा, मग लिहायचा, मग वाचायचा. 'दहा वेळा लिहून आण' मात्र बंद करा. चुकीचं दहा वेळा लिहिलं तर चूकच पक्की होते. बाकीच्या विषयांत त्याला फळ्यावरचा मजकूर कागदावर द्या, उत्तरं तोंडी घ्या. रीतसर मूल्यमापन मानसशास्त्रज्ञांकडून जरूर करून घ्या, पण अहवाल हाती येईपर्यंत हे थांबवू नका. डिस्लेक्सिया नाही असं निघालं, तरी या सरावाने कुणाचं नुकसान होत नाही.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं) असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आहे. डायरीत रोज लाल शाईत शेरा : जागेवर बसत नाही, काम अर्धवट. शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद. मॅडमशी बोलायला गेले की माझेच डोळे भरून येतात. कसं बोलू?

उत्तर : 'तुम्ही त्याला समजून घेत नाही' या वाक्याने सुरुवात करू नका. ते खरं असलं तरी तिथून पुढे संभाषण जात नाही. मॅडमकडे असलेली आणि तुमच्याकडे नसलेली एक गोष्ट त्यांच्याकडे मागा : निरीक्षण. कोणत्या तासाला जास्त उठतो? काम सुरूच करत नाही, की सुरू करून सोडतो? एडीएचडीचं निदान करताना लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, हे पाहावंच लागतं, त्यामुळे शाळेची नोंद डॉक्टरांनाही हवी असते. आपलं निरीक्षण कुणाला तरी हवं आहे म्हटलं की माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

मधल्या सुट्टीबद्दल मात्र ठाम राहा. ज्याचं अंग हालचाल मागतंय, त्याची दिवसातली हक्काची हालचाल काढून घेतली तर पुढचे दोन तास कसे जाणार? त्याचा त्रास मॅडमनाच होतो. हे त्यांना त्यांच्या सोयीच्या भाषेत सांगा.

लाल शेऱ्यांच्या जागी रोजचं एक छोटं कार्ड सुचवा. त्यावर दोनच गोष्टी, त्याही मोजता येतील अशा. 'नीट वागला' असं लिहू नका. 'सूचना मिळाल्यावर दोन मिनिटांत वही उघडली' असं लिहा. प्रत्येक तासाला बरोबर किंवा फुली. घरी आल्यावर ठरलेल्या संख्येला छोटीशी मौज : आवडता खेळ, झोपताना एक गोष्ट जास्त. ही पद्धत बरीच अभ्यासली गेलेली आणि उपयोगी ठरलेली आहे. पहिला आठवडा लक्ष्य इतकं सोपं ठेवा की तो जिंकेलच. पहिल्या दिवशी आठपैकी दोन बरोबर आले, तर दुसऱ्या दिवशीचं लक्ष्य तीन. आठ नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा आणि तुमचा. त्यावर शाळेत चर्चा नको, मात्र औषध सुरू असेल तर वर्गशिक्षिकेला माहीत असू द्या.

प्रश्न : आमच्या शाळेत ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या एका विद्यार्थिनीसाठी आम्ही स्वतंत्र मदतनीस ताई नेमल्या. वह्या आता पूर्ण असतात, गोंधळ नाही. पण ती ताईंखेरीज कुणाशी बोलत नाही आणि त्या रजेवर गेल्या की शाळेतच येत नाही. आमचं काय चुकलं? – एक मुख्याध्यापक

उत्तर : हेतू चुकला नाही, मांडणी चुकली. संशोधक पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्समधल्या शाळांत मदतनिसांच्या कामाचा मोठा अभ्यास केला. २००९मध्ये आलेल्या निष्कर्षांनी खळबळ उडाली होती : ज्या मुलांना मदतनिसाचा आधार सर्वांत जास्त, त्यांची अभ्यासातली प्रगती त्यांच्यासारख्याच, पण कमी आधार मिळालेल्या मुलांपेक्षा कमी. 'मुळातच जास्त अडचणीच्या मुलांना जास्त मदत मिळते, म्हणून असं दिसतं' हा आक्षेपही त्यांनी हिशेबात धरला होता.

कारणं तुमच्या पत्रातच आहेत. मदतनिसाचं लक्ष काम पूर्ण होण्याकडे असतं, शिकण्याकडे नाही. 'वह्या पूर्ण असतात' असं तुम्ही लिहिलंत. त्या कुणी पूर्ण केल्या? दुसरं, मदतनीस आली की वर्गशिक्षकाला वाटतं आपली जबाबदारी संपली. सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलीला सर्वांत जास्त शिकलेला माणूस सर्वांत कमी भेटतो.

इमारत बांधताना परांची बांधतात. शिकवण्यातल्या आधारासाठी हाच शब्द वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६च्या शोधनिबंधात वापरला. तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत होती आणि शिकवणारी व्यक्ती मुलाला जमेल तसतसा हात काढून घेत होती. परांची उतरवायचीच असते. तुमच्याकडे ती भिंतीचाच भाग झाली आहे.

उद्यापासून ताईंना काढू नका, मुलगी कोसळेल. आधी त्यांची खुर्ची हलवा : शेजारून मागे, मागून वर्गाच्या कोपऱ्यात, तेही काही तासांपुरतं. दिवसाचं वेळापत्रक चित्रांच्या पट्टीवर बाकावर चिकटवा, म्हणजे 'आता काय?' हे तिला ताईंना विचारावं लागणार नाही. वेळापत्रकात बदल असेल तर पट्टीवर आदल्या दिवशीच दाखवा. वर्गशिक्षकांनी रोज निदान दहा मिनिटं तिला स्वतः शिकवायचं, तेवढा वेळ ताईंनी बाकीचा वर्ग सांभाळायचा. आणि ताईंना एक नियम द्या : मदत करण्याआधी मनात दहा आकडे मोजायचे. एवढी शांतता मोठ्या माणसाला असह्य होते, पण मुलं बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला स्वतःच हलतात.

प्रश्न : काही मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. माझी मुलगी रात्रंदिवस अभ्यास करते, तिच्यावर हा अन्याय नाही का?

उत्तर : पेपर काय मोजतो, ते पाहा. इतिहासाचा पेपर इतिहास मोजतो. हात किती भरभर चालतो हे त्याला मोजायचंच नाही, तेव्हा हात सावकाश चालणाऱ्याला वेळ दिल्याने मोजमाप बिघडत नाही, उलट नेमकं होतं. पण पेपर शुद्धलेखनाचाच असेल आणि लेखनिकाने शुद्धलेखन सुधारून दिलं, तर तुमची तक्रार मी उचलून धरेन. सवलत ही कौशल्य पाहून द्यावी. सगळ्या विषयांना सरसकट तीच सवलत देणाऱ्या शाळा आळस करतात.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला श्रवणयंत्र आहे. पहिल्या बाकावर बसवलंय, मी मोठ्याने बोलतो. 'कळलं का?' विचारलं की तो मान डोलावतो, पेपरात मात्र भोपळा.

उत्तर : मान डोलावणं हे उत्तर नसतं, ती सुटका असते. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीच्या मान डोलावण्यावर सहा महिने विश्वास ठेवला होता. 'कळलं का' विचारू नका, 'आता काय करायचंय ते मला सांग' म्हणा.

श्रवणयंत्र चष्म्यासारखं काम करत नाही. ते तुमचा आवाज मोठा करतं, तसाच पंख्याचा, बाकं सरकवण्याचा आणि बाहेरच्या रस्त्याचाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. वर्गात भिंतींचा घुमारा शब्द आणखी अस्पष्ट करतो. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असावा, असं मानतात. ओरडून ते साधत नाही, उलट ओठांची हालचाल विचित्र होते आणि त्याला ती वाचता येत नाही.

फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडा : आधी लिहा, मग वळा, मग बोला. खिडकीला पाठ करून उभे राहू नका, चेहरा अंधारात जातो. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर तुम्ही पुन्हा म्हणा, नाहीतर त्याच्यापुरता तो संवाद झालेलाच नसतो. खुर्च्यांच्या पायांना रबर किंवा कापड लावा. शक्य असेल तर शिक्षकाने गळ्याशी लावायचा बिनतारी माइक मिळवा, आवाज थेट त्याच्या यंत्रात जातो. तो लावलात तर शिक्षकखोलीत जाताना बंद करायला विसरू नका. काय काय ऐकलं ते मुलं मला सांगतात.

प्रश्न : डिस्लेक्सियासाठी रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवले आहेत. खर्च बराच आहे. करावं का?

उत्तर : नाही. अडचण अक्षर आणि ध्वनीच्या जोडणीत आहे, डोळ्यांच्या स्नायूंत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९मध्येच एकत्र निवेदन काढून या उपायांना पुरेसा आधार नसल्याचं सांगितलंय. ते पैसे वाचन शिकवणाऱ्या प्रशिक्षित विशेष शिक्षकावर खर्च करा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची. तिच्या अध्ययन अक्षमतेचा अहवाल आम्ही कपाटात ठेवलाय. काल तिने विचारलं, "आई, मी ढ आहे का?" सांगावं का?

उत्तर : सांगा. तिने स्वतःपुरतं उत्तर आधीच ठरवलंय, आणि ते तुमच्या अहवालापेक्षा वाईट आहे. अहवालातली मोठी नावं नकोत. तिच्याच वहीवर बोट ठेवून बोला : "ही जोडाक्षरं तुला इतरांपेक्षा उशिरा जमतायत, कारण तुझं डोकं आवाज आणि अक्षर जोडायला जास्त वेळ घेतं. गोष्ट ऐकून तुला सगळं समजतं, ते आम्ही पाहिलंय. जोडाक्षरांसाठी आपण रोज थोडं वेगळ्या पद्धतीने शिकणार आहोत." अडचणीला नाव आहे आणि अशी मुलं पुष्कळ आहेत, हेही सांगा. मग तिला विचारा, वर्गात तिला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो. बहुतेक ती म्हणेल, मोठ्याने वाचायला उभं करतात त्याचा. तिला अचानक उभं करू नका, परिच्छेद आदल्या दिवशी घरी द्या, अशी चिठ्ठी उद्याच वर्गशिक्षिकेला पाठवा. चिठ्ठी तिच्यासमोर लिहा.