रॉटवायलर तीन आठवडे लंगडतोय, पाय सुजलाय. मुका मार समजून थांबू का?

तुमचा 7 वर्षांचा रॉटवायलर पुढच्या पायाने लंगडतोय, मनगटाच्या वर सूज आहे, गोळ्या दिल्या की बरं वाटतं आणि संपल्या की पुन्हा तेच. थांबू नका. याच आठवड्यात एक्स-रे काढा.

कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. पण रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा थोराड जातींत हाडाचा कॅन्सर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, बऱ्याचदा असाच सुरू होतो. त्याच्या आवडत्या जागाही ठरलेल्या: मनगटाच्या वर, खांद्याजवळ, नाहीतर मागच्या गुडघ्याच्या आसपास. पाय लचकला असता तर एवढ्या दिवसांत फरक पडायला हवा होता.

सुजेवरून बोट हलकेच फिरवून बघा. टणक, हाडालाच चिकटलेली लागली तर दाबू नका. जवसाच्या तेलाची मालिश तर मुळीच नको, आतून पोखरलेलं हाड साध्या उडीनेही मोडतं. सोफा, जिना, गच्ची आतापासूनच बंद. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी आहेत.

नागपुरात असाल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे दाखवा. उन्हाच्या आत, सकाळीच न्या. पायाचे दोन बाजूंनी आणि छातीचेही एक्स-रे काढायला सांगा, कारण हा आजार सहसा आधी फुप्फुसात जातो. छाती साफ दिसली तरी डोळ्यांना न दिसणारा पसारा बहुधा झालेला असतो, म्हणून कॅन्सर ठरलाच तर शस्त्रक्रियेने पाय काढल्यावर केमोही, म्हणजे कॅन्सरची औषधंही, सुचवतात. नुसता पाय काढला तर साधारण 4-5 महिन्यांचं आयुष्य मिळतं, केमोसह 10-12. आकडे कठोर आहेत, पण ते आधीच माहीत असावेत.

पाय काढायच्या नुसत्या विचारानेच माणसं खचतात. आमच्या ग्रेट डेनचा काढला, तेव्हा टाके निघायच्या आधीच तो तीन पायांवर फाटकापर्यंत जाऊन दूधवाल्यावर भुंकत होता. त्याचं ठणकणं थांबलं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं. मात्र कुत्र्याचे बाकीचे पाय आणि कंबर धड हवी, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या.

जाताना आजवरच्या सगळ्या गोळ्या-इंजेक्शनांची नावं लिहून न्या. स्टिरॉइड दिलं असेल तर ते आधी सांगा. त्यावर वेदनाशामक पडलं तर पोटात अल्सर होऊ शकतो.