तोंडाचा वास घेणं थांबवायचं कसं?

प्रश्न : माझे यजमान दीड महिन्यापासून दारू सोडण्यासाठी ओपीडीत उपचार घेत आहेत. दर मंगळवारी समुपदेशन असतं आणि रोज डायसल्फिरामची गोळी (ती घेतलेली असताना दारू प्यायली की त्रास होतो) चालू आहे. पण घरात शांतता नाही. ते बाहेरून आले की मी आधी तोंडाचा वास घेते आणि ते भडकतात. दहावीतली मुलगी त्यांच्याशी बोलत नाही. माझ्या पाटल्या अजून गहाण आहेत. सासूबाई म्हणतात, "त्याने सोडली ना, आता तूही सोडून दे." कसं सोडून देऊ? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : इतक्यात सोडून द्यायची गरज नाही. इतक्या वर्षांचा राग दीड महिन्यात विरत नाही. त्याला फक्त दिवस आणि जागा ठरवून द्या.

भरती झालेल्या रुग्णाभोवती चोवीस तास माणसं असतात. ओपीडीचा रुग्ण मात्र रोज त्याच गल्लीतून, त्याच दुकानावरून घरी येतो, म्हणून निम्मा उपचार तुमच्या स्वयंपाकघरात होणार आहे. सुरुवात गोळीपासून करा. सकाळच्या चहाच्या वेळी त्यांनी स्वतः पाकिटातून गोळी काढावी, तुमच्यासमोर घ्यावी आणि एवढंच म्हणावं, "काल प्यायलो नाही, आज पिणार नाही." तुम्ही म्हणायचं, "बरं वाटलं." मग त्यांनीच कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत बरोबरची खूण करायची. सगळं मिळून दोन मिनिटं. त्यानंतर दिवसभर दारूचा विषय दोघांनीही काढायचा नाही, मागचाही नाही आणि पुढचाही नाही. मनात जे साठेल ते वहीत लिहा आणि मंगळवारी समुपदेशकासमोर बोला. याच्या बदल्यात तुम्ही वास घेणं बंद करायचं. वास आला नाही म्हणून तुमचा संशय फिटत नाही आणि त्यांच्या न पिण्याचं श्रेय त्यांना मिळत नाही. कॅलेंडरवरच्या खुणा मात्र दोघांनाही दिसतात.

ही पद्धत बिघडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे बायको नर्स होते, "जीभ वर करून दाखवा" म्हणते. दुसरं, रविवारी सगळे उशिरा उठतात, गोळी राहते आणि दोघंही गप्प बसतात. एक दिवस चुकला तर भांडू नका. सलग दोन दिवस चुकले तर ओपीडीत फोन करा.

दारू सुटल्यावर कित्येक आठवडे, काहींना कित्येक महिने, झोप नीट लागत नाही आणि चिडचिड होते. लाल डोळे आणि चढलेला आवाज दिसला की "पुन्हा सुरू झालं" असं लगेच ठरवू नका.

मुलीवर बोलायची सक्ती नको. "बाबा आता बरे झाले आहेत" असंही तिला सांगू नका, कारण बरे होणं अजून चालू आहे. यजमानांनी तिची एकदाच माफी मागावी आणि घडलेली गोष्ट नाव घेऊन सांगावी : "तुझ्या वाढदिवसाला मी पिऊन आलो, तुझ्या मैत्रिणींसमोर तुला मान खाली घालावी लागली." त्यात "पण" नसावा, "मला माफ कर" असा आग्रहही नसावा. मग एक छोटं काम अंगावर घ्यावं, समजा संध्याकाळी सव्वासहाला तिला क्लासहून आणणं. तिथे रोज सहा दहालाच उभं राहावं. ती गाडीवर मागे बसून अवाक्षर काढणार नाही, तरी चालेल. महागडा मोबाइल आणून देऊ नका. मोठी वचनं आणि भेटवस्तू तिने पूर्वी पुष्कळ पाहिल्या असतील. बाप वेळेवर येतो, हे तिच्यासाठी नवीन आहे.

पैशांचं एका बैठकीत उरकता येईल. सगळी देणी एका कागदावर लिहा, पाटल्यांच्या पावतीवरची व्याजाची तारीखही. एटीएम कार्ड तीन महिने तुमच्याकडे, त्यांच्या हाती रोजची ठरलेली रक्कम. पुढच्या बैठकीची तारीख आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर ही सोय त्यांना शिक्षा वाटू लागते.

घसरण झाली तर काय करायचं, हे सगळे शुद्धीत असताना ठरवा. प्यायलेल्या माणसाशी वाद नाही, मुलगी त्या रात्री आजीजवळ झोपेल, बोलणं सकाळी, आणि मंगळवारची वाट न बघता त्याच दिवशी ओपीडी. आपल्याकडे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, हा मोठा धोक्याचा दिवस. त्या दिवशी कोणाबरोबर जायचं, किती वाजता परतायचं आणि भांगेला काय उत्तर द्यायचं, हे होळीच्या आधीच बोलून ठेवा.

घरात मारहाण होत असेल तर यातलं काहीही सुरू करू नका. आधी तुमची आणि मुलीची सुरक्षितता. १८१ किंवा ११२ वर फोन करा.

प्रश्न : दीर दारू सोडण्याची डायसल्फिरामची गोळी घ्यायला तयार नाहीत. डाळीत मिसळून दिली तर चालेल का? – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : कधीही नाही. डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली की अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साठतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही त्रास देतं. ज्याला गोळीची कल्पना नाही, तो यांपैकी कशापासूनच सावध राहणार नाही. शिवाय हे उघड झालं की तुमच्या हातचं जेवणही तो घेणार नाही.

ते स्वतः तयार होत नसतील तर तुम्हीच आधी १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. घरच्यांनाही तिथे सल्ला मिळतो. आणि ते रोज पीत असतील तर एकदम बंद करायला भाग पाडू नका. सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. भ्रम किंवा फिट दिसली तर थेट इमर्जन्सीत न्या.

प्रश्न : मुलगा ब्राउन शुगर (हेरॉइनसारखी नशा) सोडून उपचाराची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो. हे एक व्यसन जाऊन दुसरं लागल्यासारखंच नाही का? मी त्याला रोज तसं म्हणतो आणि आता तो खोलीबाहेरच येत नाही. – एक वडील, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काका, हे म्हणणं आजच थांबवा. ही गोळी तलफ आणि अंगदुखी आवरते, पण ठरलेल्या मात्रेत नशा चढवत नाही, म्हणून माणूस कामावर जाऊ शकतो. तुमच्या बोलण्याला कंटाळून त्याने ती सोडली आणि पुन्हा ब्राउन शुगर घेतली, तर पूर्वी पचलेली तेवढीच मात्रा त्याचा जीव घेऊ शकते, कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. गोळी कधी आणि कशी कमी करायची, ते डॉक्टर ठरवतील.

ती जिभेखाली विरघळायला पाचेक मिनिटं, कधी दहाही लागतात. तेवढा वेळ त्याला बोलता येत नाही, पाणी पिता येत नाही. तेवढी मिनिटं पेपर घेऊन त्याच्या शेजारी बसा. विरघळली की दोघांसाठी चहा टाका.