फुटका कोष विरघळवून परत धागा निघतो का?

प्रश्न: नमस्कार सर, खानापूर तालुक्यात आमची तुती हाय, दर बॅचला फुटके, डबल, डागी कोष थोडे उरतातच आणि व्यापारी ते मातीमोल भावात मागतो. पोरानं मोबाईलवर दाखवलं की रेशीम विरघळवून परत त्याचा धागा काढतात. मी कॉस्टिक सोड्यात कोष टाकले, विरघळले की सगळे, पण सिरिंजनं स्पिरिटमध्ये सोडलं तर धागा नाही, नुसता चुरा. काय चुकलं?

उत्तर: दादा, आधी ते कॉस्टिकचं काम बंद करा, डोळ्यात थेंब उडाला तर नजर जाऊ शकते. साबण करणारे लोक रेशीम मुद्दाम कॉस्टिकमध्ये विरघळवतात, पण त्यांना धागा नकोच असतो.

कोषात दोन लांब्या असतात बघा. एक दिसणारी, म्हणजे एका कोषातनं हजार मीटरच्या आसपास निघणारा सलग धागा, पतंग बाहेर पडला की ती तुटते आणि रीलिंगला, म्हणजे सलग धागा उकलून काढायला, कोष बाद होतो. दुसरी न दिसणारी, फायब्रॉइन या प्रथिनाच्या साखळीची, त्यातल्या मोठ्या साखळीत ५२६३ अमिनो आम्लं एकापुढं एक जोडलेली असतात. फुटक्या कोषात ही दुसरी लांबी शाबूत असते, म्हणून विरघळवायला फुटका कोष चालतो, आतला प्युपा, म्हणजे कोषातला किडा, आणि कात तेवढी साफ काढायची. कॉस्टिकनं तुमची ही साखळीच तुटली, आणि तुकड्यांचा धागा होत नाही.

लॅबमध्ये काय करतात तर कोष कापून सौम्य सोडा ॲशच्या पाण्यात, लिटरला साधारण २ ग्रॅम, अर्धा तास उकळतात म्हणजे सेरिसिन हा डिंक जातो, कोषाच्या वजनाचा पाव हिस्सा तरी तिथंच कमी होतो. जास्त उकळलं तर साखळी इथंही तुटायला लागते. मग वाळवून लिथियम ब्रोमाईडच्या घट्ट द्रावणात ६० अंशाला ४ तास, आणि हे द्रावण किती घट्ट तर लिटरमागं ८०० ग्रॅम क्षार! नंतर पातळ पडद्याच्या नळीत भरून दोनेक दिवस पाणी बदलत क्षार काढायचा. कॅल्शियम क्लोराईड, अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणातही विरघळतं, स्वस्त पडतं, पण गरम अल्कोहोल पेट घेतं म्हणून घरात तेही नको.

एवढं करून हातात येतं ते ७-८ टक्क्यांचं द्रावण, अळीच्या ग्रंथीत मात्र पाव भाग प्रथिनच असतं आणि तरी ते गोठत नाही. वर आपलं द्रावण जोरात हलवलं किंवा बरेच दिवस ठेवलं तर त्याची जेली होते, मग धाग्याचं नावच नको. खरी अडचण पुढंच आहे. लॅबवाले द्रावण घट्ट करून, किंवा वाळवून फॉर्मिक ॲसिडमध्ये घेऊन, बारीक भोकातनं मिथेनॉलमध्ये सोडतात, सोऱ्यातनं शेव पाडावी तसं. अळी असं ढकलत नाही, ती धागा ओढते! तोंड टेकवून डोकं आठच्या आकड्यात फिरवत ओढत जाते, त्या ओढीनं साखळ्या एका दिशेला लागतात, ग्रंथीतली आम्लता आणि क्षारही वाटेत बदलत जातात. २००२ मध्ये शाओ आणि फोलराथ या शास्त्रज्ञांनी जिवंत अळीच्या तोंडातनं मशीननं एकसारख्या वेगानं धागा ओढला तर तो कोषातल्या धाग्यापेक्षा मजबूत निघाला, प्रथिन तेच, फक्त ओढ बदलली. म्हणून आता लॅबमध्येही धागा गोठल्यावर काही पट ताणतात, तो न ताणलेला कुडकुडीत असतो आणि वाकवला की मोडतो.

त्यामुळं साडीच्या सुतासाठी यात पैसे घालू नका असं मी अगदी कळकळीनं सांगतो, चांगला धागा अळी तुतीच्या पाल्यावर देते की. तुमचे फुटके कोष मटका सिल्क आणि स्पन सिल्कवाल्यांना, म्हणजे असल्या कोषांचं रेशीम कापसासारखं कातून सूत करणाऱ्यांना, चालतात, ते वेगळे वाळवून प्युपा काढून ठेवा, भाव तरी सुधारेल. विरघळलेल्या रेशमाला किंमत येते ती जखमेवरची फिल्म, हाडासाठी स्पंज असल्या कामात, कारण शरीर ते बरंच सोसतं.

प्रश्न: वडगावात आमचे पॉवरलूम आहेत. एक दलाल 'विरघळवून केलेलं रेशीम' म्हणून स्वस्त सूत दाखवतोय, घेऊ का?

उत्तर: ताण्याला तर नकोच, मागाच्या ताणाला सलग, एकसारख्या जाडीचं आणि लवचिक सूत लागतं. पण माझी शंका वेगळीच आहे, स्वस्त म्हणतोय म्हणजे ते बहुतेक आर्ट सिल्क असणार, म्हणजे व्हिस्कोस, ते लाकडाच्या लगद्याचं असतं आणि रेशमाशी त्याचा काही संबंध नाही. चार धागे चिमट्यात धरून जाळा, कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, केस जळल्यासारखा वास येऊन राख बोटात चुरडली तर प्रथिन. तरीही प्रथिन निघालं तर सुताचा एक कोन उसना मागून बाण्याला चालवून बघा, धागा किती वेळा तुटतो ते मोजा आणि मगच दराचं बोला.