स्वतःच पाठवलेला खासगी फोटो एक्सने (आधीच्या पार्टनरने) पसरवला तर केस होते का?

हो, होते, आणि "मीच पाठवला होता ना मग कसली तक्रार" हे आधी डोक्यातून काढून टाक. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ (आधीच्या भारतीय दंड संहितेचं ३५४-सी, २०१३ मध्ये आलेलं) स्पष्ट सांगतं की बाईने असा खासगी फोटो काढायला संमती दिली असली तरी तो दुसऱ्यांना दाखवायला दिली नसेल तर पसरवणं गुन्हाच, पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं शिक्षा. मुलगा असशील तर आयटी कायद्याचं ६६-ई आहे, ते सगळ्यांना लागू होतं.

आता महत्त्वाचं, काहीही डिलीट करू नकोस. माझ्या मैत्रिणीने घाबरून अख्खं चॅट उडवलं, रात्री दोनला, बाथरूममध्ये बसून, आणि नंतर धमकीचा एक मेसेजपण दाखवायला उरला नाही, तिची चूक नव्हती गं, हात थरथरत होते तिचे. म्हणून स्क्रीनशॉट घे, नंबर, तारीख, लिंक दिसेल असे, मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाईनवर फोन कर किंवा सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाक. पैसे मागत असेल तर एक रुपयासुद्धा देऊ नको, दिले की मागणी वाढतेच.

स्टॉपएनसीआयआय नावाची साईट आहे, तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, तुझ्याच फोनवर त्याचा एक कोड बनतो आणि फक्त तो कोड फेसबुक, इन्स्टावाल्यांकडे जातो, म्हणजे तोच फोटो कुणी टाकला तर त्यांना ओळखता येतो.

आणि आज घरातल्या एका तरी माणसाला सांग, प्लीज, एकटी नको राहूस.