उघड्या जिप्सीला आधी रोल बार

भाऊ, ड्रॅग रेससाठी (सरळ ट्रॅकवर पाव मैल पळवायची शर्यत) उघड्या जिप्सीला टर्बो लावू का, असं विचारलंत; टर्बोचं नंतर पाहू. आधी रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी नळीची कमान. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसची संस्था) नियमांत पाव मैल 13.49 सेकंदांत किंवा त्याआधी कापणाऱ्या कन्व्हर्टिबलला (उघड्या छताच्या गाडीला) रोल बार सक्तीचा, 10.99 किंवा त्याआधी कापली तर पूर्ण केज, म्हणजे चालकाभोवती नळ्यांचा पिंजरा. माइल्ड स्टीलची नळी घ्या, बाहेरचा व्यास पावणेदोन इंच, जाडी 0.118 इंच. बार हेल्मेटच्या किमान 3 इंच वर आणि डोक्यामागे 6 इंचांच्या आत. जिप्सीत तो थेट चेसिसला (खालच्या सांगाड्याला) वेल्ड करा. नुसत्या पत्र्यावर बसवला तर गाडी उलटल्यावर नळी पत्रा फाडून खाली घुसते. छत कापलेली मोनोकॉक कार (वेगळी चेसिस नसलेली, बॉडी हाच सांगाडा) तर लाँचलाच, म्हणजे सुटतानाच पिळते, दारं अडकतात. त्या भानगडीत पडूच नका.

टायरच्या खाचांतली काळी माती खरवडून काढा, नाहीतर चाकं नुसती फिरतात. मे महिन्यात अकोल्याच्या दुपारी हवा विरळ, इंजिन मंद. पाव मैलाची वेळ सकाळीच मोजा. आणि पळवायचं ते ट्रॅकवरच. तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 189 लागतं.