तेल तारण असूनही चीनचे पैसे व्हेनेझुएलात का अडकले?

तुम्ही विचारलंय, की तेलासारखं तारण हातात असताना चीनची वसुली फसली कशी. मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात काम केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी व्यवहार समजून घ्या. आपल्याकडे सोसायटीचं पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापलं जातं, तसाच तो होता. २००७ पासून चिनी बँकांनी, मुख्यतः चायना डेव्हलपमेंट बँकेने, व्हेनेझुएलाला सुमारे ६० अब्ज डॉलर दिले. पेदेवेसा ही तिथली सरकारी कंपनी चीनला तेल विकायची, पैसे त्या बँकेतल्या खात्यात जमा व्हायचे, बँक हप्ता वळता करून घ्यायची आणि उरलेलं काराकासला, म्हणजे व्हेनेझुएलाच्या राजधानीत सरकारकडे, जायचं.

मेख अशी, की हप्ता डॉलरमध्ये ठरलेला होता, पिंपांमध्ये नाही. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभराच्या वर डॉलर मिळत होते. जानेवारी २०१६ मध्ये भाव तीसच्याही खाली गेला. म्हणजे तेवढ्याच हप्त्यासाठी तिप्पट तेल पाठवायचं, आणि त्या तेलाची रोकड देशात येणारच नाही. औषधं, धान्य आणायचं कशातून?

पण माझ्या मते खरं दुखणं तेलाच्या विहिरींचं. २००२-०३ च्या संपानंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चावेझ यांच्या सरकारने पेदेवेसातले सुमारे १८ हजार लोक काढले, त्यात कसलेले इंजिनिअर होते. ओरिनोको पट्ट्यातलं तेल इतकं दाट, की हलकं तेल मिसळल्याशिवाय ते नळातून वाहत नाही. तिथे सतत पैसा ओतावा लागतो. कर्ज मात्र बरंचसं दुसरीकडे गेलं. २००९ मध्ये सुरू झालेला तिनाको-अनाको रेल्वेमार्ग तर अर्धवटच राहिला. एके काळी रोज ३० लाख पिंपांच्या आसपास असलेलं उत्पादन २०१९ मध्ये १० लाखांच्या खाली आलं.

याला चीनचा कर्जाचा सापळा म्हणतात, ते मला पटत नाही. सापळा लावणारा स्वतः अडकत नाही. इथे चीनला मुद्दलाच्या हप्त्यांना सवलत द्यावी लागली. पण बँकेचा दोष मी लपवणार नाही. खात्यावर हात आहे म्हणून तिने शेताकडे, म्हणजे विहिरींकडे, पाहिलंच नाही. कर्जाच्या अटीही तिथल्या जनतेपुढे कधी नीट आल्या नाहीत, आणि फेड मात्र त्यांच्याच तेलातून. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

अमेरिकेचे निर्बंध २०१९ मध्ये कडक झाले, ऑगस्टमध्ये सीएनपीसी या चीनच्या सरकारी तेल कंपनीने थेट तेल उचलणं थांबवलं. तोवर विहिरी खचल्याच होत्या.