उभ्या गाडीची निगा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): आम्ही दोघं वर्षातले सहा महिने मुलीकडे अमेरिकेत असतो. पेट्रोल हॅचबॅक सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. शेजारी दर रविवारी ती पाच मिनिटं चालू करून ठेवतात, तरी बॅटरी बसलीच. असं का?

उत्तर: शेजाऱ्यांचे आभार माना आणि हे थांबवायला सांगा. गाडी बंद असतानाही अलार्म, सेंट्रल लॉकिंग, संगणक थोडा करंट ओढत असतात. तो ३० मिलिअँपिअर धरला तरी आठवड्याला ५ अँपिअर-तास जातात. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये जेमतेम १ परत येतो. स्टार्टरने घेतलेलं भरून निघतं, आठवड्याची गळती मात्र तशीच राहते. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सहा आठवड्यांत निम्म्याच्या खाली येते, आणि अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. मग ती पुन्हा पुरती भरत नाही.

शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. सायलेन्सर पुरता तापला तर ते वाफ होऊन निघून जातं, नाही तर आतच साचून पत्रा गंजवतं. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ते वेगळंच. म्हणून गाडी चालवायची तर पंधरवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर, नाही तर पूर्ण बंद. सहा महिन्यांसाठी आम्ही बंदच सुचवू.

निघण्यापूर्वी ऑइल जुनं असेल तर बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगला बरं नाही. टाकी काठोकाठ भरा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि भरलेल्या टाकीत हवाच कमी असते. टायरमध्ये नेहमी ३३ पीएसआय असेल तर ३८-४० ठेवा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज करून (काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत) १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह केबल काढा आणि ती टर्मिनलला चुकूनही टेकणार नाही अशी कापडात गुंडाळा. परत जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरी सुटल्यावर रिमोट चालत नाही आणि अनेक गाड्यांची डिकीही उघडत नाही, तेव्हा दाराची साधी किल्ली हाताशी हवी. तीन महिन्यांनी शेजाऱ्यांना फक्त व्होल्ट मोजायला सांगा. १२.४ च्या खाली असेल तर रात्रभर ३-४ अँपिअरच्या चार्जरवर लावायची.

विमा मधेच संपत असेल तर जाण्याआधीच भरून टाका. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो.

प्रश्न (रत्नागिरी जिल्हा): गाडी गावी, आम्ही मुंबईत. पावसाळाभर शेडमध्ये उभी असते. गणपतीला येऊन पाहतो तर मागची चाकं जाम आणि सीटवर बुरशी.

उत्तर: चाकं जाम होतात ती हँडब्रेकमुळे. मागच्या ड्रमवर दाबून बसलेले ब्रेक शू ओलाव्यात गंजून तिथेच चिकटतात. हँडब्रेक सोडा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. आता अडकलेली चाकं सोडवताना रेस देऊन ओढू नका, लायनर उखडून येईल. हळूच पुढे-मागे करा. नाहीच सुटली तर मेकॅनिकला बोलावून ड्रमच्या कडेवर हातोडीचे हलके ठोके मारून घ्या.

बुरशीचं मूळ बहुतेकदा मॅटखालच्या ओल्या गालिच्यात असतं. मॅट काढून घरात ठेवा. शेवटच्या फेरीत घरी पोचण्याआधी दहा मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा, म्हणजे कॉइल कोरडी होते. आत कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे दोन डबे ठेवा, मात्र सीटवर नको. सांडलं तर त्याचं पाणी सुकत नाही. प्लास्टिकचं कव्हर कोकणात वाईटच. शेड असेल तर कव्हरच नको.

आणि चालू करण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. उंदरांना घरट्यासाठी त्याहून चांगली जागा मिळत नाही. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या यांवर फार भिस्त नको. हवा आत येते तिथे बारीक स्टीलची जाळी बसवून घ्या.

प्रश्न (नाशिक): बीएस ६ डिझेल गाडी आठवड्यातून दोनदा बाजारापुरती, तीन किलोमीटर चालते. डीपीएफचा दिवा लागतो.

उत्तर: डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात, बाजाराच्या फेरीत ते शक्य नाही. दिवा स्थिर असेल तर महामार्गावर २०-२५ मिनिटं, ६०च्या वर, इंजिन २००० आरपीएमच्या आसपास ठेवून सलग चालवा आणि मधे बंद करू नका. ही जाळणी दर वेळी अर्धवट राहिली की तिच्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे दिसली आणि डिझेलचा वास आला, तर आधी ऑइल बदला, मगच चालवा. दिवा लुकलुकत असेल तर थेट सर्व्हिस सेंटर. महिन्याला अशी एक लांब फेरी जमणार नसेल, तर पुढची गाडी पेट्रोलची घ्या.